बाबांचा नंबर

वडील गेल्यावर त्यांना आठवायचं कसं? हार घातलेल्या फोटोत, की आईच्या पुसलेल्या कुंकवात? शहागंजमधल्या एका चष्म्याच्या दुकानात पडलेला हा प्रश्न आणि त्याचं उत्तर शोधताना नव्याने भेटलेल्या सावित्रीबाई, रमाबाई आणि लक्ष्मीबाई.

दर अठ्ठाविसाव्या दिवशी आईचा फोन यायचा. "अगं, तेवढं बाबांच्या नंबरला रिचार्ज मार ना."

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांचा फोन शहागंजच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात, चार्जिंगला लावलेला. मी पुण्यात. फ्रीलान्स काम करणाऱ्यांना महिन्याचा शेवटचा आठवडा कसा जातो हे वेगळं सांगायला नको. त्यात हा रिचार्ज. एकदा न राहवून म्हटलं, "आई, वापरतं कोण तो फोन?"

"वापरत नाही कोणी. पण वाजतो ना."

मी गप्प. कारण तो वाजतो म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. दुकानाच्या पाटीवर तोच नंबर होता. आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी चष्म्याची काडी तुटली म्हणून फोन करायचं. आई उचलायची, सगळं सांगायची, आणि समोरचा माणूस क्षणभर थांबून बाबांची एखादी गोष्ट सांगायचा. आईला त्या गोष्टी हव्या होत्या.

मी पत्रकार असल्याने मला लगेच नियम शोधायची सवय. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. आणि बंद झालेला नंबर कायमचा पडून राहत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हा विषय आला तेव्हा स्पष्ट झालं, की किमान नव्वद दिवसांनंतर तोच नंबर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. म्हणजे एक दिवस मी सवयीने 'बाबा' दाबणार आणि पलीकडून भलताच माणूस "हॅलो, कोण पाहिजे?" म्हणणार! हे वाचलं त्या रात्री मी स्वतःहून रिचार्ज केला. तीन महिन्यांचा.

दोन डोळे, दोन नंबर

ज्यांनी शहागंज पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला हा बाजार. (आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून 'औरंगाबाद'च आहे, बाबांनी ती पाटी तीस वर्षांपूर्वी रंगवून घेतली होती.) मधोमध चमन, गांधीजींचा पुतळा, जुना क्लॉक टॉवर. इकडे मोठी मशीद, तिकडून सराफ्यातून सिटी चौकाकडे जाणारा रस्ता, मागे राजाबाजार, चेलीपुरा. फळांच्या गाड्या, कपड्यांचे ढीग, रिक्षांचे हॉर्न आणि चारी बाजूंनी माणसं. टॉवरवरचं घड्याळ माझ्या लहानपणी बंदच असायचं. पुढे स्मार्ट सिटीच्या कामात टॉवरची डागडुजी झाली, तेव्हा बाबा आधी काटे बघायचे आणि मग मनगटावरचं घड्याळ. "बघू कोण खरं बोलतंय!"

त्यांचं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. भिंतीवर फ्रेम्स, टेबलावर छोटे स्क्रू-ड्रायव्हर, कोपऱ्यात काचा घासायचं मशीन. आणि वर मोठी असलेली अक्षरं खाली लहान होत जायची तो तक्ता... तो मी शाळेत जायच्या आधीच पाठ केला होता. त्यामुळे मला नंबर लागलाय हे बाबांना दोन वर्षं उशिरा कळलं. चष्मेवाल्याची मुलगी आणि फळ्यावरचं दिसत नाही! बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली तेव्हा बाबा इतके ओशाळले होते की विचारू नका.

गल्लीतले सगळे त्यांना 'मास्टर' म्हणायचे. "मास्टर, काडी ढीली हो गई." बाबा दोन मिनिटांत आवळून द्यायचे. पैसे विचारले की, "जाव जी, स्क्रू का क्या पैसा!" चाळिशीला आलेली माणसं पेपर हात लांब करून वाचायला लागली, की बाबा रस्त्यातच ओळखायचे. "काका, हात लांब करून किती दिवस वाचणार? हात संपेल आता." मराठीत जवळच्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो, हे त्यांना फार आवडायचं. डॉक्टरने काही सांगण्याआधी भाषेने निदान करून ठेवलंय, असं म्हणायचे.

आणि एक रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, लांबट. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, उजवा डोळा, डावा डोळा, नंबर, तारीख. असे अकरा रजिस्टर. अर्ध्या शहागंजचे डोळे त्या अकरा वह्यांत आहेत.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री छातीत दुखलं म्हणाले, आणि पहाटेपर्यंत सगळं संपलं. वय एकसष्ट.

मडकं कोणी धरायचं?

मी एकुलती एक. पुण्याहून पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि चर्चा ठरल्यासारखी होती, की चुलतभाऊ पुढे होईल. तो बिचारा स्वतःच अवघडला होता. मला कुणी विचारलंही नव्हतं. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज एकदम कोरडा. "मुलगी आहे ना त्यांची. ती धरेल. आणि मी पण येणार आहे."

थोडी कुजबुज झाली. आत्या म्हणाल्या, "आपल्यात बायका जात नाहीत गं." आई म्हणाली, "एकसष्ट वर्षांत ह्यांना कुठं एकटं जाऊ दिलंय तुम्ही-आम्ही?" त्यावर आत्याच रडायला लागल्या. आणि मग त्यासुद्धा आल्या. कैलासनगरच्या स्मशानभूमीत त्या दिवशी आमच्या घरातल्या पाच बायका होत्या.

तेव्हा मला वाटलं होतं, आपण काहीतरी नवीन केलं. नंतर लाज वाटली. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा औरंगपुऱ्याच्या चौकात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचे पुतळे आहेत. कॉलेजला जाताना रोज त्यांच्यावरून गेले, कधी थांबले नाही. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात गेले. शेवटची दोन वर्षं ते पक्षाघाताने आजारी होते. डाव्या हाताने लिहीत राहिले. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा. अंत्ययात्रेच्या वेळी नातेवाइकांनी त्याच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. १८९० मध्ये! आज मॉलमध्ये फिरणाऱ्या आपल्या पिढीतसुद्धा हा प्रश्न निघाला, की घरातली सीनिअर मंडळी खाली बघायला लागतात.

म्हणजे नवीन काहीच नव्हतं. आम्ही एकशे तीस-पस्तीस वर्षं उशिरा पोचलो होतो, एवढंच.

शहागंजला ग्रामपंचायत नाही

खरी परीक्षा दहाव्या दिवशी. तुम्ही शहरात वाढला असाल तर कदाचित हे तुम्ही पाहिलंही नसेल, किंवा पाहिलं असेल आणि कुणी बोललं नसेल. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी उतरवायची. माणूस गेलाय हे तिला कमी कळलंय म्हणून की काय, तिच्या अंगावर ते लिहून ठेवायचं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पाठोपाठ १७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं उदाहरण समोर ठेवायला सांगितलं. तेव्हा मी पुण्यात एका ऑनलाइन पोर्टलसाठी त्यावर सहाशे शब्द लिहिले होते. 'ग्रामीण महाराष्ट्र बदलतोय' वगैरे. आपल्या घरी ही वेळ येईल तेव्हा काय, हा विचार मनाला शिवलाही नव्हता.

आता वेळ आली होती. आणि शहागंजला काही ग्रामपंचायत नाही. आमच्या गल्लीत ठराव कोण मांडणार?

आईने मांडला. लांबच्या एक काकू हातात हात घेऊन बांगड्यांकडे बघत बसल्या, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "वहिनी, बांगड्या मी चार वर्षांची असल्यापासून घालते. ह्यांनी आणल्या नव्हत्या. मग ह्यांच्याबरोबर कशाला जातील?"

"आणि मंगळसूत्र?" काकूंनी विचारलं. वाईट हेतू नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"ते ह्यांनी घातलं. ह्यांची वस्तू आहे म्हणून माझ्याजवळ राहील."

दोन वाक्यांत दोन्ही बाजूंनी दारं बंद! मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मी एवढा नेमका युक्तिवाद ऐकला नाही.

पण खरी गंमत टिकलीची. महिनाभराने मी घरी गेले, तर आईच्या कपाळावर नेहमीची रुपयाएवढी लाल टिकली नव्हती. माझ्या पोटात कालवलं. वाटलं, शेवटी हरली. जवळ जाऊन बघते तर बारीक, मसुराच्या डाळीएवढी, मरून रंगाची. म्हटलं, हे काय? आई जरा लाजली. म्हणाली, "मोठी त्यांना आवडायची. मला बारीकच आवडते पहिल्यापासून."

तीस वर्षं! तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आणि कदाचित बाबांनाही.

दगडात आणि वहीत

त्या टिकलीने माझं डोकं फिरवलं. मी बाबांची आठवण काढायची म्हणजे माझ्या बाबांची आठवण काढत होते. आईचा नवरा हा माणूस मला ओळखीचा नव्हताच.

आता आमचं शहर म्हणजे स्मारकांचं शहर. घरी पाहुणा आला की त्याला बीबी का मकबरा दाखवायचा हा नियम. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, तिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याच्या नावाशी ही वास्तू जोडलेली आहे. दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि सात आणे, अशी नोंद सांगतात. (ते सात आणे बाबांना फार आवडायचे. "हिशेब असा पाहिजे!") आग्र्याचा ताज नवऱ्याने बायकोसाठी बांधला, इथे मुलाने आईसाठी. मग बायकोने नवऱ्यासाठी? दिल्लीत हुमायूनची कबर त्याच्या बेगमेने, बेगा बेगमने बांधून घेतली. पण असा खजिना किती जणींकडे असणार?

आपल्याकडच्या बायकांनी वही घेतली. जोतीराव गेल्यावर सावित्रीबाईंनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' लिहून त्यांचं चरित्र काव्यात मांडलं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्ती, समाजसुधारक, सभा-संमेलनं हे सगळं इतरांनी लिहिलंच होतं. रमाबाईंनी लिहिला तो घरातला माणूस, जो बायकोला शिकवायला बसायचा, आणि ते घरातल्या बायकांना खपत नसल्यामुळे तिला दिवसभर टोमणे खावे लागायचे.

आणि तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ ला गेले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राच्या तयारीला लागला आणि त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आईने लिहायला घेतलं, आणि त्यातून १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला एखादा धडा आपण सगळ्यांनी वाचलाय. मी आता अख्खं वाचलं. आणि थक्क झाले. लक्ष्मीबाई नवऱ्याची आरती ओवाळत नाहीत! टिळक तापट होते, लहरी होते, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे आणि घरात चूल कशी पेटणार याची काळजी बायकोने करायची. १८९५ मध्ये त्यांनी धर्म बदलला, तेव्हा दोघं काही वर्षं एकमेकांपासून लांब राहिली. तिने त्याचं दुःख लपवलं नाही आणि त्याच्यावरचं प्रेमही लपवलं नाही. वाचताना तुम्ही हसता, चिडता, आणि पुस्तक मिटताना टिळक गेल्याचं तुम्हालाही वाईट वाटतं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. पहिले काही अध्याय त्यांचे. पुढचे साठाहून जास्त लक्ष्मीबाईंनी लिहिले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या तिघींनाही लिहिता-वाचता करण्यात त्यांच्या नवऱ्यांचा हात होता. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं, रानड्यांनी रमाबाईंना, टिळकांनी लक्ष्मीबाईंना. नवऱ्याने दिलेल्या अक्षरांनीच त्यांनी नवरा लिहून ठेवला.

माझी आई बी.कॉम. आहे, अक्षरं तिने स्वतःची स्वतः मिळवली. पण बाबांनी तिला काय दिलं, ते मला पुढच्या रविवारी कळलं.

आईचे 'हे' वेगळेच

मी देवदत्तची नक्कल केली. चहा घेऊन बसले, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "आई, बाबांबद्दल नको सांगूस. तुझ्या नवऱ्याबद्दल सांग."

आधी तक्रारी निघाल्या. महाबळेश्वरला नेतो म्हणून लग्नात कबूल केलं होतं, आयुष्यात नेलं नाही. रविवारीही दुकान. रागावले की दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत, "आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे" असे निरोप माझ्यामार्फत. (हे मला आठवत होतं, पण मला तो खेळ वाटायचा!) फुकट चष्मे वाटायचे. "उदार म्हणून गल्लीत नाव त्यांचं, आणि महिनाअखेरीला वाण्याकडे उभी मी." मी ऐकत राहिले. फोटोतल्या हारामागचे बाबा हळूहळू खाली उतरून समोरच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखे वाटले. थोडे हट्टी, थोडे चुकलेले.

आणि मग आई म्हणाली, "तुला मकबऱ्याची गोष्ट सांगितली का मी?"

१९९४. लग्नाला आठ दिवस झालेले. दोघं सायकल-रिक्षाने मकबऱ्यात गेले. हौदाच्या कडेने चालताना बाबांनी सहज विचारलं, "त्या मिनारावर कबुतरं किती बसलीत बघ बरं?"

आई म्हणाली, "पाच-सहा असतील."

एकही नव्हतं.

झालं होतं असं, की आईला शाळेपासून चष्मा होता. पण बघायला येणाऱ्यांसमोर तो काढून ठेवायचा, अशी माहेरची सक्त ताकीद. चष्मा असलेली मुलगी नाकारली जायची. लग्नातही घातला नाही. आठ दिवस सासरी ती अंदाजाने वावरत होती, माणसं आवाजावरून ओळखत होती. आणि नवरा निघाला चष्मेवाला! "मला वाटलं, संपलं. फसवलं म्हणून आता परत पाठवतील. मी तिथंच रडायला लागले."

"मग?"

"मग काय. काही बोलले नाहीत. रिक्षा केली, थेट दुकानात. कुलूप उघडलं, स्टुलावर बसवलं, तक्त्यासमोर. नंबर काढला. दुसऱ्या दिवशी चष्मा तयार. सासूबाईंना म्हणाले, मीच घालायला सांगितलाय, माझ्या दुकानाची जाहिरात आहे."

आई हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. चष्म्याची काच पुसायला ती आत गेली. मी अकरा रजिस्टरांतलं १९९४ सालचं काढलं. जून महिन्यात सापडलं. बाबांचं तिरपं अक्षर. नावाच्या जागी फक्त एक शब्द: 'घर'. उजवा मायनस सव्वादोन. डावा मायनस अडीच. पैशांच्या रकान्यात आडवी रेघ.

पुढे दर वर्षी, दर जूनमध्ये, तीच नोंद. घर. उजवा, डावा. नंबर वाढत जातो, मग थांबतो, मग एका वर्षी जवळचा नंबरही लागतो. शेवटची नोंद गेल्या वर्षीची. एवढी वर्षं, एकही जून चुकलेला नाही. महाबळेश्वर चुकलं, पण जून नाही.

मला हे आईने सांगितलं नसतं तर मी कुणाला आठवत बसले असते? एका चांगल्या, हसऱ्या, सगळ्यांना मदत करणाऱ्या माणसाला. तसे तर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सगळेच असतात.

म्हणून तुम्हालाही सांगते. वडील गेल्यावर आपण आईला सांभाळायला धावतो. औषधं, बँक, "तू माझ्याकडे चल". आणि ती बोलायला लागली की म्हणतो, "नको आई, त्रास होईल." खरं तर त्रास आपल्याला होणार असतो. तिला विचारा. भांडणासकट विचारा. आपण तिच्या कपाळाकडे बघून तिच्या नवऱ्याची आठवण मोजतो, आणि ती आठवण तिच्या तोंडात असते, कुणी मागतच नाही.

थोडं व्यवहाराचं

आता तेवढंच महत्त्वाचं, पण रुक्ष. आमच्या चुकांमधून शिकलेलं.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करा. दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतात.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँकेने किंवा कंपनीने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच नॉमिनेशन ठरवतं. हक्क वारसांचा. शेअर्सबाबतही हेच, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. मुलीने आणि आईने कुठल्याही कागदावर 'भावनेच्या भरात' सही करू नये.

व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट साधारण १२० दिवस वापरलं नाही की काढून टाकलं जातं. व्हॉइस नोट्स आधीच दुसरीकडे घेऊन ठेवा. फोटो कुठेही मिळतो हो, आवाज मिळत नाही. माझ्याकडे बाबांच्या सतरा व्हॉइस नोट्स आहेत, त्यातल्या चौदा 'गाडीत बसलीस का' या विषयावर.

गूगलचं अकाउंट दोन वर्षं पडून राहिलं तर ते फोटोंसकट डिलीट होऊ शकतं. त्याच गूगलमध्ये अशी सोय आहे, की आपण ठराविक महिने गायब झालो तर आपला डेटा कुणाला द्यायचा हे आधीच सांगून ठेवता येतं. आयफोनवर आणि फेसबुकवरही अशी व्यक्ती नेमता येते. आपण तिशीच्या अलीकडचे लोक, आपल्याला हे अशुभ वाटतं. दहा मिनिटं लागतात. करून टाका.

आणि मोबाइल नंबर. गेलेल्या माणसाच्या नावावरचं सिम तसंच वापरत राहू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं दिली की तो नंबर घरच्यांच्या नावावर करून मिळतो.

हे शेवटचं मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, बाबांचं नाव काढायचं तिच्या जिवावर आलंय. दोन दिवसांनी ती एकटीच कागद घेऊन कंपनीच्या दुकानात गेली.

दुकानाचंही तिने ठरवलं. चष्मे बनवायला बाबांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा येतो. गल्ला आणि रजिस्टर आईकडे. बारावं रजिस्टर. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की अकराव्याच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर ती काहीतरी लिहीत बसते. काय लिहितेस विचारलं तर म्हणते, "हिशेब." मी जास्त विचारत नाही. सात आण्यांपर्यंत नीट लावेल ती.

परवा डेडलाइनच्या गडबडीत होते. फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'बाबा'. छातीत धस्स झालं, अजून होतं.

उचलला. पलीकडे गाड्यांचा आवाज, कुणीतरी ओरडून केळ्यांचा भाव सांगतंय. आणि आई.

"जून लागला. ये एकदा, तुझा नंबर काढायचाय."

नाव मी बदललेलं नाही.